चपलांचा दगड

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत दवाखान्याच्या खाटेला माझी पाठ लागलेली नव्हती. ही गोष्ट मी सावद्याच्या बाजारात कोणी विचारलं नाही तरी सांगायचो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण माझा आजार एका गोळीनं जाणारा होता आणि तो मी वीस दिवस लपवला. त्या वीस दिवसांनी माझ्या सुनेचा आणि तिच्या पोटातल्या लेकराचा जीव टांगणीला लावला. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा माझं मीच सांगितलेलं बरं.

*

आमची केळीची बाग घरापासून दोन शेतं सोडून आहे. बागेच्या तोंडाशी एक काळा दगड होता. माझ्या बापानं ठेवलेला. त्या दगडापाशी चपला काढायच्या आणि मगच आत पाय टाकायचा, असा नियम. केळ लेकुरवाळी असते. घड कापला की तिचा जीव जातो, पण बुडाशी पिलं ठेवून जाते. अशा माउलीच्या अंगावर चपलेनं चालायचं नाही, असं बाप म्हणायचा, आणि मी तो नियम त्याच्याहून कडक केला. एकदा व्यापाऱ्याचा माणूस बुटासकट आत शिरला तर तयार माल तसाच ठेवून मी त्याला हाकलून दिला होता. मजूर बायाही दगडापाशी चपलांची रांग लावायच्या. पोरगा प्रमोद एकदा माझ्यासाठी रबरी बूट घेऊन आला. ते खुंटीला टांगलेलेच राहिले. त्यांत कोळ्यानं जाळं केलं.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण तिच्याशिवाय पहिलीला अर्थ नाही. घरी संडास बांधलेला होता. बांधल्यावर गावच्या आशा सेविका संगीताताई फोटो काढायला आल्या तेव्हा मी नवी टोपी घालून त्याच्यासमोर उभा राहिलो. फोटो झाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात ठिबकच्या जुन्या नळ्या आणि खताच्या गोण्या गेल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तसलं काम मला चालणार नव्हतं. मी डबा घेऊन बागेच्या कडेला जायचो. आणि मी जातो तर घरातल्यांनीही तिकडंच जायचं. सून वैशालीसुद्धा. ती धुळ्याची, शहरात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं प्रमोदला विचारलं होतं, "संडासात नळ्या कामून ठेवल्या?" मी ओट्यावरून ऐकलं, आणि डबा घेऊन बागेकडं निघालो.

*

दर पावसाळ्यात माझे पाय खाजायचे. बोटांच्या बेचक्यात, तळव्याला, बारीक बारीक फोड. चिखल्या म्हणून मी सोडून द्यायचो. गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकले की बरं वाटायचं. बायाही खाजवायच्या. केळीच्या कामात हे चालायचंच, असं सगळे म्हणायचे.

मग दम लागायला लागला. बांधावरून विहिरीपर्यंत गेलं की छाती धपापायची. जेवणाची चव गेली. वय झालं म्हटलं. पुढं एक दिवस घड कापताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली बसलो तो उठलोच नाही. लताबाई म्हणून आमच्याकडं फार वर्षांची मजूर बाई आहे. तिनं माझा हात हातात घेऊन पाहिला.

"आबा, तुमचे नखं पाहा. केळीच्या गाभ्यासारखे पांढरे झाले."

"माझे नखं पाहू नको. घड पाहा, खाली पडला तो."

"घड चांगला हाये. तुम्हीच उतरले."

बाया हसल्या. मी नाही हसलो.

*

जळगावला डॉक्टरांनी रक्त तपासलं. साडेपाच. मला आकडा कळला नाही, प्रमोदचा चेहरा कळला. डॉक्टर म्हणाले, एवढं रक्त कुठंतरी जातंय, पोटात दुर्बीण घालून पाहावं लागेल.

आमच्या शेजारच्या गल्लीत एकाचं असंच झालं होतं. दम, अशक्तपणा, दुर्बीण, आणि दुर्बिणीतून कॅन्सर निघाला. सहा महिन्यांत गेला. मी धरूनच चाललो की आपलंही तेच. रक्ताच्या दोन पिशव्या चढेपर्यंत खाटेवर पडून मी एकच विचार करत होतो, की यंदाची पिलं कोण लावेल, प्रमोदला ओळीतलं अंतर कळत नाही.

दवाखान्यात माणसाचा तोरा पहिल्या दिवशी उतरतो. पाठीमागं नाडी असलेला झगा घालायला लावला. नर्सबाई माझी नात शोभेल अशा वयाची. "बाबा, हात सरळ. बाबा, हलू नका." एकदा मी खेकसलो, तर ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही रागावलात की शीर चांगली वर येते बाबा, रागावा अजून." तिच्यासमोर मी नंतर गरीब झालो.

दुर्बिणीनंतर डॉक्टरांनी मला बोलावलं. प्रमोद खाली चहा आणायला गेला होता. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. लालसर ओल्या भिंतीवर बारीक पांढरट दोरे लटकत होते. एक हलला.

"कॅन्सर नाही बाबा. जंत आहेत. अंकुशकृमी म्हणतात. तोंडानं आतड्याला धरून बसतात आणि रक्त पितात."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच क्षणी दुसरा बसला. जंत? ते शेंबड्या पोरांना होतात. ज्यांच्या घरी पाणी नाही, अंघोळ नाही, त्यांना होतात, असं मी समजत होतो. माझं अंगण दोन वेळा झाडलं जातं.

"माझ्या पोटात कुठून आले? मी हाटेलात पाणीसुद्धा पीत नाही."

"तोंडातून नाही, पायातून येतात. शौचाला कुठं जाता?"

"बागेत."

"आणि बागेत चप्पल घालता?"

"बागेत चप्पल? देव आहे तो आमचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाबा, देवळात कोणी शौचाला बसतं का?"

मला आजवर कोणी असं बोललेलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं ते एवढंच, की शौचातून जंतांची अंडी मातीत पडतात, केळीच्या सावलीत माती बारा महिने ओली राहते, तिथं त्यांची पिल्लं होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. दर पावसाळ्यातली ती खाज म्हणजे त्यांचं आत शिरणंच. मी विचारलं, औषध काय? त्यांनी एक गोळी दिली. त्यांच्यासमोर चावून खायला लावली. एवढंच औषध. बाकी रक्त वाढायच्या गोळ्या.

"पण बाग तीच राहिली तर पुन्हा होणार. घरातल्या सगळ्यांना आणि मजुरांना तपासा. घरात कोणी गरोदर आहे?"

"सून. सातवा चालू आहे."

"तिला आधी आणा. अजिबात उशीर करू नका." त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. सुनेच्या नावापुढं दोन रेघा मारल्या.

मी कागदाची घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली. प्रमोद चहा घेऊन आला.

"काय म्हणे डॉक्टर?"

"अल्सर," मी म्हणालो.

*

खोटं कशाला बोलू, कॅन्सर निघाला असता तर मी गावात ताठ मानेनं सांगितलं असतं. लोक भेटायला आले असते. जंत म्हटलं असतं तर लोक हसले असते. ज्या माणसानं साऱ्या गावाला पाय धुऊन घरात यायला शिकवलं, त्याच्याच पोटात. दवाखान्याची फाइल मी पेटीत घातली आणि किल्ली करदोऱ्याला बांधली.

दुसरंही कारण होतं. वैशालीला चौथा महिना होता तेव्हा संगीताताई तिच्यासाठी जंताची गोळी घेऊन आल्या होत्या. गरोदर बायांना ती देतातच, असं त्या म्हणाल्या. मी ओट्यावर होतो. "पोटुशी बाईला जंताची गोळी? लेकरू पाडायचं हाये का?" असं म्हणून मी त्यांना उभ्या उभ्या परत पाठवलं, आणि वैशालीच्या हातातली गोळी नालीत टाकायला लावली. आता कागद दाखवायचा म्हणजे ती गोळीही कबूल करायची.

घरी आल्यावर माझी तब्येत दिवसागणिक सुधारली. जीभ लाल झाली, भूक लागली. आणि माझ्या डोळ्यांसमोर वैशाली उतरत गेली. आधी तिचे ओठ फिके झाले. मग ती भाकरी थापता थापता भिंतीला टेकायला लागली. एक दिवस ती जुन्या चुलीची माती खरवडून तोंडात टाकताना दिसली. पूर्वी अशीच दिसली होती तेव्हा मी ओरडलो होतो. या वेळी मान फिरवली. रोज सकाळी उजाडायच्या आत ती डबा घेऊन अनवाणी बागेकडं जायची. मी जागाच असायचो. कडीचा आवाज ऐकायचो, आणि टोपीला हात लावायचो.

तीनदा कागद बाहेर काढला. तीनदा परत ठेवला. म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग सांगू.

संगीताताई पुन्हा आल्या. दारात मीच होतो.

"आबा, ताईंचं रक्त मागच्या वेळी सात आलं होतं. जळगावला न्यावं लागेल."

"आमच्या घरचं आम्ही पाहून घेऊ."

"मी आत येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"झोपली हाये."

ती झोपलेली नव्हती. आत चुलीपाशी बसून ऐकत होती.

*

विसाव्या दिवशी दुपारी आत भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर वैशाली उंबऱ्यावर आडवी, ओठ राखेसारखे. प्रमोदनं उचलली. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचा श्वास मी मोजत होतो आणि मधेच चुकत होतो.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिला घेतलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. रक्त चारवर आलेलं. पोटातल्या लेकराचे ठोके मंद पडत होते. तिथल्या डॉक्टर मॅडम भराभर बोलत होत्या. रक्ताची सोय करा. या आधी काय त्रास होता? मूळव्याध? रक्त कुठून जातंय? कोणती मोठी तपासणी करावी लागेल ते त्या दुसऱ्या डॉक्टरांशी बोलत होत्या. प्रमोद हात जोडून प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही मॅडम" म्हणत होता.

माहीत मला होतं. मी बाकावर बसलेलो होतो. शेजारी माझी मोठी बहीण, अक्का. ती धुळ्याला राहते, वैशालीचं स्थळ तिनंच आणलं होतं. फोन गेल्याबरोबर ती एसटी पकडून आली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बांधून.

"माहीत नाही मॅडम," प्रमोद पुन्हा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

मी उठलो. टोपी काढली. कागद घामानं पिवळा पडला होता, घडीवर फाटत होता. भरलेल्या व्हरांड्यात, पन्नास माणसांसमोर, मी तो मॅडमच्या हातात दिला.

"मला जंत निघाले होते. सुनेला लगेच आणा म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं नाही घरी."

मॅडमनी वाचलं. तारीख पाहिली. माझ्याकडं पाहिलं. वळून आत गेल्या आणि मला ऐकू आलं, "हुकवर्म असणार, स्टूल तपासायला पाठवा, आधी रक्त लावा." त्यांच्या आवाजात मघाचं चाचपडणं नव्हतं.

कागद प्रमोदनं घेतला. दोनदा वाचला.

"आबा, तुम्ही तं अल्सर म्हणत होते."

एवढंच. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

अक्काचं लग्न धुळ्याकडं झालं त्याला पन्नास वर्षं झाली, तिची बोली कधीच तिकडची झाली. तिनं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं आणि म्हणाली, "तुनी टोपीमा कागद व्हता, नि पोरना पोटमा लेकरू. कोनतं जड व्हतं रे?"

*

पहिली पिशवी मिळाली, दुसरीसाठी बदली रक्त द्यायचं होतं. माझं चालणार नव्हतं. प्रमोदनं दिलं. आणखी एक माणूस पाहिजे म्हणाले. सकाळच्या एसटीनं संगीताताई आल्या आणि कोणी म्हणायच्या आत जाऊन खाटेवर हात लांब करून पडल्या. ज्या बाईला मी दोनदा दारातून परत पाठवलं होतं, तीच बाई. बाहेर आल्या तेव्हा दंडाला कापूस धरलेला.

"आता तरी दारातून आत येऊ द्याल ना आबा?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मग त्यांना बाकावर माझ्या जागेवर बसवलं आणि चहा आणायला स्वतः खाली गेलो. जिन्यात थांबून डोळे पुसले.

तपासणीत जंतच निघाले. चौथ्या दिवशी वैशाली बाळंत झाली, दिवस भरायच्या आत. मुलगी. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नळ्या, दिवे, आणि तिची छाती चिमणीसारखी वरखाली. काचेबाहेरून पाहायला परवानगी होती. मी रोज पाहायचो. प्रमोद यायचा तेव्हा मी बाजूला व्हायचो. तो माझ्याशी बोलत नव्हता. डबा आणायचा, माझ्यासमोर ठेवायचा, आणि जायचा. त्या डब्यासोबत माझी रक्त वाढायची गोळी असायची, डॉक्टरांनी दिलेली. एवढ्या रागातही तो ती विसरला नव्हता. तेवढ्यावर मी ते दिवस काढले.

रक्त वाढलं तसा वैशालीच्या ओठांचा रंग परत आला. अठराव्या दिवशी दुपारी लेकरू पेटीतून काढून तिच्या कुशीत दिलं. मॅडम म्हणाल्या, परवा घरी जाऊ शकता, पण आई आणि बाळ दोघींना जपा.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. लग्नाला चार वर्षं झाली, ती माझ्याशी मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशी तिनं मान वर केली.

"आबा, मी धुळ्याला जाते."

"बाळंतीण माहेरी जातेच," मी म्हणालो.

"महिनाभरासाठी नाही म्हणत मी." लेकराच्या पायावर तिचा हात होता. तळवा एवढासा, गुलाबी. "ही उद्या रांगायला लागेल. मग चालायला लागेल. तुम्ही सांगा मला, कुठं चालेल ती?"

प्रमोद खिडकीकडं पाहत होता. अक्का माझ्याकडं. मी टोपी घातली आणि वॉर्डातून बाहेर पडलो. त्यांना वाटलं असेल, म्हातारा फुगला. मी सरळ स्टँडवर गेलो आणि घरची एसटी धरली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सवयीनं हात डब्याकडं गेला. डबा घेतला आणि अंगणात थांबलो. मग संडासाचं दार ओढलं. बिजागऱ्या गंजलेल्या, दोन्ही हातांनी खेचावं लागलं. आतून नळ्यांची भेंडोळी एकेक करून काढली. पोटात कळ येत होती आणि खताच्या गोण्या संपत नव्हत्या. शेवटची गोणी ओढताना मला माझंच हसू आलं. मग बादलीभर पाणी ओतून खराट्यानं घासलं, आत गेलो आणि कडी लावली. भिंतीपलीकडं स्वयंपाकघर होतं. काही झालं नाही.

खुंटीवरचे रबरी बूट काढले, कोळी झटकला, पायात घातले. चालताना ते फटाक फटाक वाजत होते. पहार खांद्यावर घेतली आणि बागेकडं गेलो.

लताबाई आणि चार बाया दगडापाशी वाकून चपला काढत होत्या. माझे बूट पाहून लताबाई वाकलेली तशीच राहिली.

"आबा, तुमच्या पायात काय हे?"

"चपला घाला परत," मी म्हणालो.

"कामून? आज काम नई का?"

"काम हाये. चपला घालून करा. अन् कोणी इथं डबा घेऊन बसायचं नाही. मीबी नाही." त्या हसायच्या बेतात होत्या, म्हणून मी आवाज चढवला. "मला जंत झाले होते. अल्सर नव्हता. या मातीतून झाले, अनवाणी चाललो म्हणून. वैशालीलाबी झाले. ती मरता मरता राहिली. संगीताताई दहा वाजता गोळ्या घेऊन येतील, सगळ्यांनी इथं माझ्यासमोर खायच्या."

कोणी हसलं नाही. लताबाईनं आपल्या पायाकडं पाहिलं. बेचक्यातले जुने डाग.

"म्हणजे आबा, इतके वर्षं आमचे पाय खाजत होते ते..."

"हो," मी म्हणालो. "त्याच्यानंच. माझ्या नियमानं."

मी पहार दगडाखाली घातली. दम लागला, पण दगड हलला नाही. तेव्हा लताबाई आली आणि पहारीला माझ्या हाताशेजारी हात लावला. दुसऱ्या नेटाला दगड उलटला आणि बांधावरून खाली गेला. त्याच्या जागी पांढरी, ओली माती उघडी पडली.

बायांनी चपला घातल्या आणि एकामागं एक आत गेल्या. केळीच्या वाळल्या पानांवर चपलांचा आवाज झाला. एकाहत्तर वर्षांत त्या बागेत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्यांत शेवटी मी आत गेलो, बूट घालून.